फक्त कोंडा

हे माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेलं नाही. बायकोजवळ नाही, इथे जर्मनीत, बॉबलिंगेनमधल्या मित्रांजवळ नाही. एकट्या आईला माहीत आहे, आणि लपवायला तिनेच शिकवलं — पण थांबा. आईवर ढकलून मोकळं व्हायचं, ही माझी सवयच आहे.

सोरायसिसच्या औषधांबद्दल मला काहीही विचारा. स्टेरॉइडच्या लोशनने लवकर फरक पडतो, पण फार काळ लावलं तर त्वचा पातळ होते, आणि बंद केलं की चट्टे पुन्हा हजर. व्हिटॅमिन डीचं मलम सावकाश काम करतं, वर चुरचुरतं. दोन्ही एकत्र असलेला फोम त्यातल्या त्यात बरा. डांबराच्या शाम्पूने खपल्या सुटतात, पण उशीला रस्तादुरुस्तीचा वास येतो. प्रकाशोपचार चांगला — पण त्यासाठी आठवड्यातून कितीदा मीटिंग सोडून पळणार?

माझ्या मुलीच्या, सईच्या, कोपरांवर आणि केसांत चट्टे उठले तेव्हा हे सगळं मी घडाघडा सांगितलं. "किती वाचलंस रे!" वैशाली म्हणाली. माझी बायको.

वाचलं? मी ते लावलं होतं. स्वतःच्या डोक्याला, लग्नाच्याही आधीपासून.

लग्न ठरताना आई म्हणाली होती, "कोंडा म्हण. कोंडा कोणाला नसतो?" मुलाची पत्रिका बघतात, पगार विचारतात, व्हिसा विचारतात. केसांत हात घालून कोण बघतं? मी कोंडा म्हणालो. अजून म्हणतो. माझा फोम ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये असतो. काळा शर्ट मी विकतच घेत नाही.

एवढ्यावर थांबलं असतं तर? पण सईला पहिल्यांदा त्वचेच्या डॉक्टरकडे नेलं, तेव्हा बाईंनी विचारलं, घरात आणखी कोणाला आहे का? हा आजार घराण्यातून येऊ शकतो, म्हणून विचारलं. वैशालीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "नाइन." नाही. ऑफिसात 'या, गेनाऊ' — हो, अगदी बरोबर — म्हणतो तितक्याच सहज.

मग वैशालीने स्वतःच्या माहेरी शोध सुरू केला. मावश्यांना फोन, आत्यांना फोन, कोणाच्या अंगावर कधी काय उठलं होतं? सईच्या ताटातून दही गेलं, वांगं गेलं, मासे गेले. फरक शून्य. पोरीने पोहायला जाणं सोडलं. आणि व्हिडिओ कॉलवर माझी आई — सगळं ठाऊक असलेली माझी आई — विचारते, "तुमच्याकडे होतं का गं कोणाला, वैशाली?" वैशालीचा चेहरा उतरला. मी काय केलं? वायफाय बघायला उठलो!

वैताग येतो. आईचा येतो, बिचाऱ्या त्या दह्याचा येतो, फोनवरून तेलं सुचवणाऱ्या समस्त नातेवाइकांचा येतो. पण ही चीडसुद्धा सोयीचीच ना? ती दुसऱ्यांवर काढता येते. घरात एक वाक्य बोलायचं होतं — मलाही आहे. वैशालीचे फोन थांबले असते. सईला कळलं असतं की असं डोकं घेऊन माणूस नोकरी करतो, लग्न करतो, म्हातारा होत जातो. एका वाक्याला इतकी वर्षं?

गेल्या आठवड्यात नव्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तोच प्रश्न विचारला. मी तोंड उघडेपर्यंत सईनेच उत्तर दिलं. आता ती स्वतःच बोलते, जर्मनमध्ये.

"नाइन. नुर इश."

नाही. फक्त मीच.

आणि माझ्याकडे बघून हसली — मला वाईट वाटू नये म्हणून. मी तिच्या शेजारीच बसलो होतो. कॉलरच्या वर, केसांच्या कडेला, भयंकर खाजत होतं. मी हात वर नेला नाही.