फोडणीविना चिवडा

परवा सुनेने ओव्हनमध्ये ओट्स आणि बदाम भाजायला घेतले आणि त्या खमंग वासाने मी थेट बालीगंजच्या आमच्या जुन्या स्वयंपाकघरात पोचले. दुर्गापूजा संपून दिवाळी जवळ आली होती. गच्चीवर आश्विनातल्या उन्हात वाळवलेले पोहे आई चिवड्यासाठी भाजत होती. तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या बंगाली काकीमा सांगून गेल्या, सियालदह स्टेशनजवळ बाँब फुटलेत, ट्राम बंद आहेत. बाबांचं ऑफिस तिथेच होतं. पोहे कुरकुरीत झाल्यावर आईने कढई उतरवली आणि स्टोव्ह बंद केला. दाणे, खोबऱ्याचे काप, कढीपत्ता, सगळं ताटात तसंच पडून होतं. "आई, फोडणी कधी करणार?" मी विचारलं. "गप्प बस. मोहरी तडतडायला लागली तर जिन्यावरची पावलं ऐकू येणार नाहीत." दिवेलागणीला पावलं वाजली. घामाने निथळत बाबा दारात उभे होते. "चालतच आलो. पाणी दे," एवढंच म्हणाले. आईने पाणी दिलं, तेल तापवलं, मूठभर मोहरी टाकली आणि त्या तडतडीत रडून घेतलं. आजही घरातलं शेवटचं माणूस परतेपर्यंत मी आमटीला फोडणी देत नाही. सुनेला वाटतं, मला सगळ्यांना गरम वाढायची हौस आहे.