तिसऱ्या मजल्याचं पाणी

जनाभाऊ गेल्याचं कळलं तेव्हा मी चाकणला कंपनीच्या स्टोअरमध्ये होतो. बायकोचा फोन होता. ‘अहो, खालचे जनाभाऊ...’ त्याच कंपनीत ते पाइपलाइनवर फिटर होते. संत तुकाराम नगरात ते पहिल्या मजल्यावर, आम्ही आईसह तिसऱ्यावर. मधलं घर कुलूपबंद आणि दोन्ही घरांना पाण्याची एकच लाइन.

पाणी सकाळी अर्धा तास, आणि आमच्यापर्यंत ते जेमतेम करंगळीएवढं. दोन वर्षांपूर्वी मी भर जिन्यात त्यांना म्हणालो, ‘फिटर घरातच असल्यावर आमचं पाणी पळवणं काय अवघड आहे!’ माणूस मूळचा बीडचा, आवाज दणदणीत, पण त्या दिवशी मान खाली घालून घरात गेला. मी मग वरपर्यंत बारीक पाइप टाकायचं ठरवलं. पाइपाच्या तोंडावर अंगठा दाबला की पाणी लांब उडतं, तसं ते वरही चढेल, अशी माझी अक्कल. ते कळल्यावर मात्र जनाभाऊ स्वतःहून वर आले.

‘बारीक जागेत पाणी पळायलंय खरं, पण पळायलं की त्याचा रेटा कमी होतोय, राव. अन् वर चढायला रेटाच लागतोय. कंपनीतले प्रेशरचे काटे बघा की, पाइप अरुंद झाला तिथला काटा कायम खाली.’

मी हट्टाने पाइप टाकलाच. आणि दुसऱ्याच दिवशी नळाला चांगली धार लागली! चहाला बोलावून मी त्यांना ते ऐकवलंसुद्धा. ‘आलं ना पाणी? मग झालं की,’ म्हणत त्यांनी बिस्कीट चहात बुडवलं.

ते गेले आणि आमचा नळ कोरडा पडला. दहाव्यानंतर खाली वहिनींकडे बसलो असताना सहज तो विषय निघाला, तर त्याच ओशाळल्या. ‘पाहुण्यांच्या गडबडीत नळ चालूच राहिले, भाऊजी. नाहीतर पहिली पंधरा मिनिटं आम्ही सोडतच नाही. तुम्ही पाइप टाकल्यापासूनचा ह्यांचा नियम. म्हणायचे, आपण सोडलं की पाणी इकडंच पळतंय, वर रेटा राहत न्हाई, अन् वर त्यांची म्हातारी आई हाय... तुम्हाला बोलले नव्हते?’

मला तिथे बसवेना. दोन वर्षं मी माझ्या पाइपाची फुशारकी मारत होतो आणि त्यांची माफी मागायची राहूनच गेली.

दुसऱ्या दिवशी पाणी आल्या आल्या मी खाली धावलो. मोरीत रिकामी बादली होती, नळ घट्ट बंद. वहिनी घड्याळाकडे बघत उभ्या होत्या.

‘वहिनी, सोडा नळ. मी सांगतोय ना.’

‘थांबा, भाऊजी,’ त्या म्हणाल्या, ‘अजून पंधरा मिनिटं झाली नाहीत.’