खंडेनवमीचं काडतूस

आमचे जावई प्रबोधराव यांच्याइतका भिऊन वागणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. लिफ्टमध्ये 'तेरा माणसं' अशी पाटी असते ना, तर चौदावा चढला की हे मुकाट्याने उतरणार, मग सगळ्यांत आधी हेच चढलेले का असेनात. सिंगापुरात जुरोंग आयलंडवरच्या रिफायनरीत मोठे इंजिनिअर. कंपनीची बस साडेसहाची. हे सव्वासहाला खाली, आणि गळ्यातला पास जागेवर आहे ना म्हणून दर मिनिटाला छाती चाचपणार. माझी सुनेत्रा म्हणते, "आप्पा, लग्नात अंतरपाट दूर झाला, तेव्हा यांनी भटजींना हळूच विचारलं होतं, आता हललं तर चालेल का?"

तर असा हा माणूस २०१५च्या एप्रिलमध्ये कामासाठी तीन आठवडे टेक्ससला गेला आणि रानटर्कीची शिकार करून आला.

टर्की म्हणजे आपल्या कोंबड्याचा थोरला चुलता समजा. गुडघ्याच्या वर उंची, गळ्याखाली लोंबतं कातडं, आणि लहर आली की मोरासारखी शेपटी फुलवून फिरणार. प्रबोधरावांच्या तिथल्या साहेबाने त्यांना सुट्टीच्या दिवशी पहाटे रानात नेलं. पाल्याच्या रंगाचे कपडे घालून, तोंडावर जाळी बांधून एका झाडाला पाठ लावून बसवलं. हलायचं नाही, खोकायचं नाही. हे प्रबोधरावांना उत्तम जमतं. बंदूक दिली ती बारीक नळीची, चारशेदहाची म्हणतात. खांद्याला धक्का कमी बसतो म्हणून तिकडे ती नवख्यांच्या हाती देतात. मग साहेबाने पाटीचा तुकडा काढून त्यावर काडी घासली, की हुबेहूब मादीचा आवाज! आमच्या शाळेत पाटीवर पेन्सिल कुरकुरली की गुरुजी कान पिळायचे. तिकडे त्याच आवाजाला नर धावत येतो.

"आला?" मी विचारलं.

"आला, आप्पा."

"मग?"

प्रबोधराव अर्धा पेला पाणी प्यायले. "मग काय, एकच बार."

मला कोण आनंद झाला! ताबडतोब गावी धाकट्या भावाला फोन लावला. पुढच्या चार-सहा फोनांत, खोटं कशाला सांगू, एका टर्कीचे चार झाले.

ऑक्टोबरात इंडोनेशियातल्या जळत्या रानांचा धूर इथे आला. समोरची इमारत दिसेना. खिडक्या बंद, दिवसभर एसी, आणि मला हुडहुडी. सुनेत्राने कपाटातून यांचं टेक्ससचं जाकीट काढून दिलं. सिंगापुरात जाकीट घालणार कोण, ते एप्रिलपासून तसंच टांगलेलं होतं. आतल्या चेनच्या खिशात हाताला काहीतरी लागलं. करंगळीएवढं, लाल प्लास्टिकचं, बुडाशी पितळी टोपी. काडतूस. चांगलं भरलेलं.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्या गावी त्या दिवशी कोयता, नांगराचा फाळ, सुताराचा रंधा, सगळ्याची पूजा. एक रिटायर सुभेदार होते, ते बंदूक आणून ठेवत. अख्खा गाव बघायला लोटायचा. इथे फ्लॅटमध्ये पाटावर काय, तर जावयांचं हेल्मेट, विळी, लॅपटॉप आणि नात गार्गीची कंपासपेटी. मला दरवर्षी वाटायचं, शस्त्र म्हणावं असं यात काही नाही. यंदा होतं. काडतूस हेल्मेटशेजारी उभं केलं, हळद-कुंकू वाहिलं, वर झेंडूचं फूल ठेवलं, फोटो काढला आणि 'जावईबापूंचे शस्त्र' असं लिहून भावकीच्या ग्रुपवर पाठवला. सुनेत्राने तो नीट न बघताच तिच्या इथल्या ईस्ट कोस्ट भागातल्या मराठी ग्रुपवर पाठवला.

साडेदहाला प्रबोधरावांचा फोन.

"आप्पा, हेल्मेटच्या बाजूला ते लाल काय आहे?"

"तुमचंच काडतूस. जाकिटात होतं."

पलीकडे कसलीशी शिट्टी वाजत होती. मग अगदी बारीक आवाज आला. "भरलेलं आहे?"

"म्हणजे काय! रिकाम्याची पूजा कोण करतं?"

फोन बंद झाला.

सुनेत्राने फोटो पुसला, पण तो तिच्याच फोनमधून गेला; ग्रुपवर चाळीस-एक जणांनी पाहिला होता. एका बाईंनी हात जोडून विचारलं होतं, 'खरं आहे का हो?' पाच मिनिटांत त्याच ग्रुपमधले, खालच्या मजल्यावरचे निशिकांत, बँकेत अकाउंटंट आहेत, त्या दिवशी रजेवर होते, अनवाणी धावत वर आले.

"काका, काय केलंत हे? इथे परवान्याशिवाय काडतूस सापडलं तर तुरुंग. वर वेताचे फटके!"

"फटके? मोठ्या माणसाला?"

"मोठ्यालाच. फक्त पन्नाशीच्या पुढच्याला मारत नाहीत."

"मग झालं तर! मी सदुसष्ट वर्षांचा. काडतूस माझं."

"तुमचं? जावयाच्या पासवर राहताय तुम्ही इथे! शेंगदाण्याच्या चटणीत आणलंत म्हणून सांगणार?" निशिकांतांनी खिडकीकडे बोट दाखवलं. "ते नको. समुद्रावर जाऊ. या धुरात कुत्रंसुद्धा बघणार नाही. एक फेक, संपलं."

सुनेत्रा लगेच पिशवी शोधायला लागली. तिचं चुकत नव्हतं. जूनमध्ये पीआरचा, म्हणजे इथे कायम राहण्याच्या परवान्याचा, अर्ज दिलेला. तो मिळाला असता तर गार्गीची शाळा, हे घर, सगळं पक्कं. आणि हे बाहेर पडलं तर पीआर राहिला बाजूला, असलेला नोकरीचा पाससुद्धा रद्द होऊन दोन बॅगा घेऊन पुण्याला परत. तेही नवरा तुरुंगाबाहेर असला तर.

तेवढ्यात प्रबोधराव टॅक्सीने आले. चेहरा धुरासारखाच राखाडी. पाटासमोर उभे राहिले, काडतूस पाहिलं, आणि म्हणाले, "मी पोलिसांना फोन करतो."

"अहो, वेड लागलंय का? अर्ज आत आहे आपला!"

"माहीत आहे."

"मग गार्गीचा तरी विचार करा!"

"तोच करतोय." त्यांनी फोन काढून नंबर शोधला. "सुनेत्रा, मला लपवता येत नाही गं. उद्या बसमध्ये बसलो की तोंडावर दिसेल."

निशिकांत गुपचूप खाली गेले. त्यांना मी दोष देत नाही.

फोनवर सांगितलं, हात लावू नका, आम्ही येतो. तो अर्धा तास! आम्ही तिघं भिंतीला टेकून त्या करंगळीएवढ्या वस्तूकडे बघत बसलो. एसीचा वारा लागून झेंडूची पाकळी हलली, तरी सुनेत्रा दचकून माझा दंड धरी.

दोघं आले. एक तरुण मलाय मुलगी आणि एक वयस्कर चिनी गृहस्थ. दाराशी बूट काढले. मुलीने विचारलं, याला हात कोणी लावला? गार्गी नुकतीच शाळेतून आली होती, दहा वर्षांची. आम्ही तोंड उघडायच्या आत ती इथल्या धाटणीच्या इंग्रजीत म्हणाली, "आजोबा टच्ड इट, लाह. फ्लॉवर ऑल्सो ही पुट."

मुलीने वहीत लिहून घेतलं. फूलसुद्धा लिहिलं असणार.

मग प्रबोधरावांना प्रश्न. कुठे गेला होतात, बंदूक कोणाची, काडतुसं किती दिली. दोन, एक बंदुकीत आणि एक जादा म्हणून खिशात; तेच मोठ्या बॅगेतल्या जाकिटात राहून विमानतळावर कोणाला न दिसता आलं. मला तेवढं इंग्रजी समजतं. "तुम्ही किती बार काढले?"

प्रबोधरावांनी मान खाली घातली. "एकही नाही."

सुनेत्राने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे.

"पक्षी वीस पावलांवर आला," ते सांगत होते. "शेपटी फुलवली. डोकं निळं होतं, बघता बघता लाल झालं. साहेब कानात म्हणत होता, मार, मार. माझं बोटच वाकेना. नळी इतकी थरथरत होती, की समोरचं गवत हलत होतं. शेवटी साहेबानेच स्वतःच्या बंदुकीने मारला. घरी हे सांगायची लाज वाटली."

पोलिसांपुढे हा माणूस खरं बोलत होता, आणि गावाकडे माझ्या भरवशावर चार टर्की मरून पडले होते!

पोलीस काडतूस उचलायला वाकले, तसा मी हिंदीत ओरडलो, "एक मिनट!" उत्तरपूजेच्या अक्षता टाकल्याशिवाय पाटावरची वस्तू हलवायची कशी? सुनेत्राने कपाळावर हात मारला. पण मुलीने विचारून घेतलं, मागे सरकली आणि म्हणाली, लांबून टाका. मी लांबून अक्षता टाकल्या. अर्ध्या तिच्या वहीवर पडल्या. मग त्यांनी काडतूस डबीत बंद केलं, आणि प्रबोधरावांचा पासपोर्टही घेऊन गेले.

सात आठवडे. कंपनीला यांनी आपणहून कळवलं. त्यांनी आयलंडवर जाणं थांबवून शहरातल्या ऑफिसात टेबल दिलं. दाराशी यांनी एक बॅग भरून ठेवली, दोन शर्ट, दाढीचं सामान, पित्ताच्या गोळ्या. बेल वाजली की ते आधी बॅगेकडे बघत आणि मग दाराकडे. दूधवाला नाही, पेपरवाला नाही, मुळात बेल वाजवणारं इथे कोण असतं? पण कुरिअर येतं, गार्गीची मैत्रीण येते. तव्यावरची पोळी करपली तरी सुनेत्राला कळत नसे.

डिसेंबरात बोलावणं आलं. मीही गेलो आणि बाहेरच्या बाकावर रामरक्षा म्हणत बसलो. तीनदा झाली. चौथ्यांदा मधेच विसरलो. ते बाहेर आले तेव्हा एका हातात पासपोर्ट होता, दुसऱ्यात कागद. कडक ताकीद. खटला नाही. प्रबोधराव पायरीवर बसले ते दहा मिनिटं उठलेच नाहीत. मी पाठीवरून हात फिरवत राहिलो.

मला वाटलं, सुटलो. घरी येऊन बघतो, तर हे लॅपटॉप उघडून पीआरच्या ऑफिसला लिहितायत, अमुक तारखेला मला अशी अशी ताकीद मिळाली आहे.

"अहो, कोणी विचारलंय का तुम्हाला?" सुनेत्रा जवळजवळ किंचाळली.

"फॉर्मवर आहे, काही बदल झाल्यास कळवावे." आणि पाठवून दिलं.

मार्चमध्ये उत्तर आलं. नकार. कारण दिलेलं नव्हतं. सुनेत्रा आतल्या खोलीत जाऊन रडली. प्रबोधरावांनी पत्राला भोकं पाडून ते फाइलला लावलं, म्हणाले, "पास अजून दीड वर्ष आहे. पुन्हा अर्ज करू." मग जेवायला बसले आणि आमटी दुसऱ्यांदा वाढून घेतली. ऑक्टोबरपासून त्या माणसाने काही दुसऱ्यांदा मागितलं नव्हतं.