मालतीताईंची रोह्याची फेरी

१. पेणच्या आमच्या संस्थेत मी पर्यवेक्षक म्हणून रुजू झाले. पहिल्याच आठवड्यात ज्येष्ठ पर्यवेक्षक मालतीताईंबरोबर संस्थेच्या रोह्याच्या कुटुंबनियोजन केंद्रावर गेले.
२. मूल राहू नये म्हणून तांबी बसवून घ्यायला एक बाई आली होती. तिथल्या परिचारिका सुनंदा यांनी तिला बाकावरच्या सगळ्यांसमोर विचारले, "नवऱ्याला म्हायती हाय ना?" बाई उठून निघून गेली.
३. मी तपासणी पत्रकात लिहिले : गोपनीयता नाही.
४. ताईंनी ते वाचले आणि पत्रक माझ्या हातात परत दिले.

केंद्र रिकामे झाल्यावर ताई बाहेर गेल्या आणि पेशंट होऊन परत आल्या. दारातूनच ओरडल्या, "गो सिस्टर, माझी पाळी चुकलेय!"

सुनंदा हसल्या. "ताई, हळू बोला. रस्त्यावर ऐकू जाईल."

"का? सकाळी तू हळू बोललीस व्हय?"

सुनंदांचे हसू थांबले. थोड्या वेळाने त्यांनीच मागच्या खोलीतली खोकी हलवायला घेतली. आम्हीही हात लावला. बायांशी बोलायचे टेबल बाकापासून दूर, त्या खोलीत गेले. सुनंदा त्या बाईच्या घरी जाऊन समजूत घालणार होत्या, ते मात्र ताईंनी थांबवले. "घरी कळलं तर तिलाच जड जाईल." ती बाई परत आली का, हे मला आजही माहीत नाही. याला पर्यवेक्षण म्हणायचे का, हेही मला तेव्हा ठरवता आले नाही.

पुढे निधी आटला, संस्थेची गाडी बंद झाली. ताईंनी वेगळी पद्धत काढली : पेणच्या केंद्रातल्या परिचारिकेने एक दिवस रोह्याला बसून काम पाहायचे, रोह्याच्या परिचारिकेने पेणला. मी हरकत घेतली, "या एकमेकींच्या चुका झाकतील." ताई म्हणाल्या, "झाकतीलच. आपणपण झाकतो." सुरुवातीला तसेच झाले. मग एकदा सुनंदांनी आपणहून ताईंना फोन केला, "पेणला हत्यारं उकळतात, पण किती वेळ, त्ये घड्याळात बघत नाय. मीपण बघत नव्हते." माझ्या पत्रकात दोन्ही केंद्रांपुढे 'समाधानकारक' होते.

ताईंच्या मायेबद्दल लिहायचे तर मला एकच प्रसंग सांगता येईल. एका फेरीत माझ्या पोटात कळा येत होत्या. मी कोणाला सांगितले नव्हते. ताईंनी काही विचारले नाही. परतताना मला वाटेत वरसे गावी आपल्या बहिणीच्या घरी नेले आणि पडायला लावले. बहिणीने विचारले, "काय झालं गो हिला?" ताई म्हणाल्या, "शिकलेली हाय, दमते लवकर." मला राग आला होता आणि बरेही वाटले होते. दोन्ही एकदम कसे, ते मला कळले नाही.

आता ताईंना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. संस्थेकडे पुढच्या काळासाठी एकाच पर्यवेक्षकापुरता निधी आहे. बैठकीत ताई म्हणाल्या, "माझी साठी झाली. हिला ठेवा." मला आधी विचारले नव्हते. हा विश्वास होता, की माझी नोकरी जाईल म्हणून आलेली कणव? मला अजून उलगडा झालेला नाही. एवढे मात्र खात्रीने सांगते : सुनंदा मला म्हणतात, "सगळं ठीक हाय, मॅडम." काय चुकले ते ताईंनाच सांगतात. ताई गेल्या तर रोह्यात काय बिघडते आहे, ते आम्हाला सगळ्यात शेवटी कळेल, आणि त्याची झळ बाकावरच्या बायांना बसेल.

ताईंना दीर्घायुष्य लाभो, त्यांचे गुडघे एसटीची पायरी चढत राहोत, आणि दुसऱ्यांना ज्या तपासण्या वेळेवर करायला लावतात, त्या स्वतःच्याही करून घेवोत.

ताई, मी कार्यकारिणीशी बोलले आहे. एक पद दोघींत अर्धे-अर्धे वाटायला त्यांची तयारी आहे, आणि माझीही. पेण मी पाहीन. रोहा आपण पाहावा, आणि पहिले काही महिने मला बरोबर न्यावे. आपल्या साठीनिमित्त काढलेला हा गौरव अंक सत्काराच्या कार्यक्रमात आपल्या हाती येईल. त्यानंतरच्या सोमवारपर्यंत हो किंवा नाही, एवढे कृपया कळवावे.