तेलाच्या डब्याचं दुसरं भोक

चिंचलीच्या मायाक्का देवीवर माझी श्रद्धा होती असं लिहिलं तर ते खोटं होईल. श्रद्धा आईची आणि आप्पांची. मी मच्छे गावच्या एका कारखान्यात यंत्रं दुरुस्त करणारा माणूस. बिघाडाला कारण असतं आणि ते आपल्या हातांनी शोधावं लागतं, एवढाच माझा धर्म. दोन वर्षांपूर्वी त्याच कारखान्यात माझा उजवा हात यंत्रात सापडला. हात काढावा लागेल असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा वडिलांनी, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, मायाक्काला नवस बोलला की पोराचा हात वाचला तर आपला ट्रॅक्टर रंगवून तुझ्या दारात आणीन. हात वाचला. मी सगळं श्रेय डॉक्टरांना दिलं आणि वर आप्पांशी वादही घातला. नवस फेडायच्या आतच आप्पा गेले, आणि त्या वादाची चुटपुट माझ्यापाशी राहिली.

या माघात मायाक्काची यात्रा जवळ आली, तेव्हा आईने नवसाचा विषय काढला. मी देवीसाठी नाही, आप्पांसाठी हो म्हटलं. ट्रॅक्टर त्यांच्या तरुणपणातला. सदलग्याजवळच्या आमच्या गावी जाऊन मी त्याला लाल ऑइलपेंटचे दोन हात दिले. बॉनेट, मडगार्ड, अगदी डिझेलच्या टाकीचं टोपणही सोडलं नाही. नैवेद्याच्या दिवशी पहाटे आई पुरणपोळ्यांचा डबा मांडीवर घेऊन ट्रॉलीत बसली. नैवेद्य दाखवल्याशिवाय पाण्याचा घोटही घ्यायचा नाही, असा तिचा उपास होता. तिला साखरेचा त्रास आहे, हे मी तिला बजावलं. तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

वाटेतलं अंकली गाव मागे पडलं आणि इंजिनाने आचके देत मान टाकली. मी टाकीचं टोपण उघडून पाहिलं, डिझेल अर्ध्याच्या वर होतं. म्हणजे नळीत हवा धरली असणार. फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून हवा काढली, इंजिन सुरू झालं आणि मी स्वतःवरच खूश झालो. पंधरा मिनिटांनी ते पुन्हा बंद पडलं. पुन्हा टोपण उघडून डिझेल पाहिलं, फिल्टर बदलला, नळी फुंकली. चाललं, आणि परत थांबलं. तिसऱ्या खेपेला ऊन चांगलंच तापलं होतं. रस्त्याने भंडाऱ्याने पिवळी झालेली माणसं 'चांगभलं' म्हणत पुढे निघून जात होती आणि मी तेलकट हातांनी वाटेत उभा होतो.

आई ट्रॉलीतून म्हणाली, "बाळ, तुझं आप्पा त्या टाकीपाशी सकाळी..."

"आई, तू गप बस जरा. तुला यातलं काय कळतंय?"

तिने डब्यावर पदर ओढला. थोड्या वेळाने पाहिलं तर तिचे हात थरथरत होते आणि कपाळावर घाम आला होता. मी घाबरलो. मोटार बोलावतो, निदान पाणी तरी पी, म्हणून विनवलं. ती म्हणाली, "ट्रॅक्टर दारात आणतो म्हणलेत ते. मोटारनं जाऊन काय तोंड दाखवू तिला?"

तेव्हा मी हातातला पाना खाली टाकला. मनात म्हटलं, मला जेवढं येत होतं तेवढं झालं, आता तुझं तू बघ. याला प्रार्थना म्हणता येईल की नाही कोण जाणे, कारण त्यात भक्तीपेक्षा रागच जास्त होता.

चालत जाणाऱ्या बायकांमधली एक म्हातारी आमच्या ट्रॉलीच्या सावलीला थांबली. देवीच्या दिव्यासाठी तिने तेलाचा डबा आणला होता आणि त्यातलं थोडं सोबतिणीच्या बाटलीत ओतायची तिची खटपट चालली होती. तेल गचके खात सांडत होतं. कानडी वळणाच्या मराठीत, धाकट्या भावाला हाक मारावी तशी ती मला म्हणाली, "तम्मा, ह्या डब्याला दुसरं भोक पाडून दे की. एकच हाय, त्याल येईना झालंय."

माझं मलाच जड झालं होतं, तरी स्क्रूड्रायव्हर घेऊन दुसऱ्या कोपऱ्यात एक ठोका दिला. तेलाची सरळ धार बाटलीत पडू लागली. मी त्या धारेकडे बघतच राहिलो.

मग ट्रॅक्टरवर चढून टाकीचं टोपण फिरवलं. फुस्स झालं. तो आवाज सकाळपासून दोनदा ऐकला होता आणि दोन्ही वेळा कानाआड केला होता. डिझेल खाली उतरायचं तर वरून हवा आत जावी लागते. त्यासाठी टोपणाला बारीक भोक असतं. ते मी माझ्याच हाताने रंगाने लिंपून टाकलं होतं. आईच्या पदराची पिन घेऊन ते मोकळं केलं, नळीतली हवा काढली, आणि इंजिन जे सुरू झालं ते चिंचलीपर्यंत थांबलं नाही.

पिन परत घेताना आई म्हणाली, "तेच सांगणार हुते रं. तुझं आप्पा रोज सकाळी त्या टोपणात काटा घालून फिरवायचं. मला वाटायचं, ती पन पूजाच हाय त्यांची."

मला तिच्याकडे बघवेना. मान वळवली तर म्हातारी गर्दीत मिसळून गेली होती. तिला फक्त तेल ओतायचं होतं. तिने माझ्या ट्रॅक्टरकडे नीट पाहिलंही नसेल. याहून जास्त मी सांगणार नाही. पण सकाळपासून आईला बोलू न देणारा मी, थकून हात टेकल्यावरच कुणाचं तरी ऐकायला मोकळा झालो, एवढं मला कळलं. त्या बाईचे उपकार मी विसरणार नाही.

चिंचलीत गर्दीमुळे ट्रॅक्टर देवळापासून लांबच अडवला. आई शिखराकडे बघून म्हणाली, "ऱ्हाऊ दे, दिसतंय तिला हितनं." तिने नैवेद्य दाखवला, मग पाणी प्यायली. माझा जीव भांड्यात पडला. नंतर ती मूठमूठ भंडारा ट्रॅक्टरवर उधळू लागली, तेव्हा मी टाकीजवळ गेलो आणि ते भोक बुजू नये म्हणून उजवा हात टोपणावर धरून उभा राहिलो. वाचलेला तो हात मनगटापर्यंत पिवळा झाला. त्या दिवशी मी तो धुतला नाही.