वॉरंटीत न बसणारं पाणी

सुनीता औरादकरचा लॅपटॉप मेला तेव्हा ती मस्कतच्या एका मुलीला अपूर्णांकांचा भागाकार शिकवत होती. "आता दुसरा अपूर्णांक उलटा करायचा," असं ती म्हणाली आणि पडदा काळा झाला. मेला म्हणणंही जरा चुकीचंच, कारण माणूस निदान एकदाच मरतो. हा लॅपटॉप जूनमध्ये घरात आल्यापासून तिसऱ्यांदा मेला होता.

सुनीतानं एकोणीस वर्षं नारायणगुड्याच्या एका शाळेत गणित शिकवलं. मग शाळेनं वरचे वर्ग बंद केले आणि तिला शाल-श्रीफळ देऊन मोकळं केलं. शाल बरी होती. नंतर दीड वर्ष खटपट करून तिला घरबसल्या शिकवण्याचं हे काम मिळालं. विद्यार्थी मस्कतचे, डॅलसचे, बेंगळुरूचे. शिकवणारी गौलीगुड्यातल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये, मागे कपाटावर चादर टाकून बसलेली. काम तिला मनापासून आवडायचं. पण शिकवणी कंपनीचा एक नियम होता: सलग एकवीस दिवस वर्ग घेतला नाही तर नाव यादीतून जातं आणि पुन्हा नव्यानं अर्ज करावा लागतो. नव्या अर्जाला वयाची अट पंचेचाळीस. सुनीता सत्तेचाळीसची होती. म्हणजे काय ते तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

मोबाइलवरून शिकवावं तर कंपनीचा फळा मोबाइलवर उघडत नसे. नवरा बाळकृष्ण वीज खात्यात, नोकरी निजामाबादला, घरी येणार रविवारी. त्याच्या टेबलावरचा संगणक सरकारचा. दुसरा लॅपटॉप घ्यावा तर याचेच हप्ते अजून चालू होते. तेव्हा हाच दुरुस्त व्हायला हवा होता, आणि वॉरंटी असताना तो का होऊ नये?

कारण वॉरंटी ही कागदावरची गोष्ट आणि कस्टमर केअर ही फोनवरची, आणि दोघांची आयुष्यात कधी भेट झालेली नाही. ऑगस्टमध्ये पहिल्यांदा बंद पडला तेव्हा फोनवरच्या मुलीनं सुनीताला तीस सेकंद बटण दाबून धरायला लावलं. सुनीतानं धरलं. मग दुसरी मुलगी आली, तिनंही तेच सांगितलं. त्या आठवड्यात सुनीतानं ते बटण इतक्या वेळा दाबलं की अंगठा दुखायला लागला. शेवटी सर्व्हिस सेंटरनं विंडोज पुन्हा टाकून दिलं आणि "तुमची तक्रार सोडवण्यात आली आहे" असा मेसेज आला. सप्टेंबरात पुन्हा बंद. या वेळी आतला मुख्य बोर्ड बदलला. आणि आता दसऱ्यानंतर अकराव्या दिवशी हे.

प्रत्येक वेळी फोनवरचा माणूस आधी नाव विचारायचा, मग सिरियल नंबर, मग न चुकता एक प्रश्न: "मॅडम, मशीनवर पाणी, चहा, काही सांडलं होतं का?" आणि प्रत्येक वेळी सुनीता म्हणायची, "नाही." पहिल्यांदा सहज म्हणाली, दहाव्यांदा चिडून. वर्गात मुलाची वही न तपासताच त्याला चोर ठरवणाऱ्या बाईंचा तिला आयुष्यभर राग होता, आणि आता तेच तिच्या वाट्याला आलं होतं. फोन ठेवला की लगेच मेसेज यायचा: आमच्या सेवेला पाचपैकी किती गुण द्याल? गणिताच्या बाईंनी एकदा शून्य टाकायचा प्रयत्न केला. शून्य घेतच नव्हतं.

घरात या सगळ्याने एकच माणूस सुखावला होता, तिचे सासरे भगवंतराव. वय एकोणऐंशी. चाळीस वर्षं सिटी सिव्हिल कोर्टात वकिली केलेली, गुडघे गेल्यापासून अकरा वर्षं घरात. चाळीस वर्षांत खोट्या अर्जावर अशिलाची सही घेतली नाही, ही त्यांची एकमेव मिळकत, असं त्यांचा मुलगाच हसत सांगायचा. लॅपटॉपनं त्यांना पुन्हा कामाला लावलं. प्रत्येक तक्रारीचा क्रमांक, तारीख, कोण काय बोललं, सगळं त्यांनी सुबक अक्षरात लिहून फाइल केली.

"सुनीता, यांना वाटतं शिकवणीवाली बाई आहे, दमून गप्प बसेल," ते म्हणाले. "एक नोटीस जाऊ दे. दोन-तीन दिवसांत यंत्र दारात आणून देतील. ग्राहक मंचाचं नाव काढलं की भल्याभल्यांची हवा टाइट होते."

"मामंजी, पण वेळ कुठं आहे?"

"आहे. मी मोजलाय."

तीही मोजत होती. सतरावा दिवस उजाडला तेव्हा ती नारायणगुड्याच्या सर्व्हिस सेंटरात पाचव्यांदा गेली. तिथला सुधीर नावाचा पन्नाशीचा मेकॅनिक तिला ओळखायला लागला होता. भला माणूस. पहिल्या खेपेपासून तो काउंटरवरच्या पोरींपेक्षा खरं बोलायचा. आज त्यानं टोकन न घेताच तिला बाजूला बोलावलं आणि संगणकावर एक फोटो उघडला.

फोटोत तिच्या लॅपटॉपचं उघडलेलं पोट होतं. बटणांच्या खालच्या पत्र्यावर पिवळसर चिखल सुकला होता, त्यात लाल कण, आणि एका फटीत तांदळाचा अर्धा दाणा. कोपऱ्यात एक बारीक पट्टी होती. ती मुळात पांढरी असते, ओल लागली की लाल होते, एवढं त्यानं सांगितलं. ती लालभडक झाली होती.

"कुंकुमा है मॅडम," सुधीर हळूच म्हणाला. "आयुध पूजा में डालते ना. हमारे घर में भी करते, पन बंद करके. तुम लोगां खोल के किए?"

 सुनीता शेजारच्या स्टुलावर बसली.

औरादकरांच्या घरी खंडेनवमीला ज्याच्यावर पोट चालतं ते उघडं ठेवून पुजायचं, हा भगवंतरावांच्या वडिलांपासूनचा रिवाज. कायद्याची पुस्तकं पाटावर उघडून ठेवायची, त्यांच्यावर हळदकुंकू, अक्षता, आणि पळीनं थोडं पाणी. कपाटातल्या जुन्या पुस्तकांत अजूनही मधूनमधून पिवळ्या-लाल डागांची पानं निघतात. यंदा भगवंतराव म्हणाले होते, आता घर सुनीताच्या यंत्रावर चालतं, तेही पाटावर आण. सुनीताला तेव्हा भरून आलं होतं. लग्नाला तेवीस वर्षं झाली. तिच्या कमाईला या घरात असा मान पहिल्यांदाच मिळत होता. तिनंच लॅपटॉप आणून ठेवला, मिटलेला. मग ती पुरण वाटायला आत गेली. आरतीला बाहेर आली तेव्हा भगवंतरावांनी तो उघडून पुजला होता, बटणांवर झेंडूचं फूल आणि अक्षता. तिनं नंतर सगळं पदरानं पुसून घेतलं आणि विसरून गेली. त्याला पाणी सांडणं म्हणतात, हे तिच्या डोक्यातच आलं नाही. ती तर पूजा होती.

"या पाण्यानंच बिघडला?" तिनं विचारलं.

"नै मॅडम! झूट कायको बोलूं? बोर्ड पैले से खराब था. वो सप्टेंबर में जो डाले ना, वो भी किसी का रिपेअर किया हुआ था. पानी तो जरा सा है, किधर भी पोंचा नै." सुधीरनं आवाज आणखी खाली आणला. "पन पट्टी लाल हुई तो बात खतम. वॉरंटी नै. मैं पैले देखता तो पोंछ देता. दूसरा लडका खोला, फोटो ऊपर चला गया."

एक छापील कागद त्यानं तिच्यापुढे सरकवला. बिघाड ग्राहकाच्या हातून झाला आहे हे मला मान्य आहे, असं त्यात होतं. सही केली तर पैसे भरून दुरुस्ती, पार्ट यायला तीन आठवडे. नाही केली तर लॅपटॉप आहे तसा परत. सुनीतानं कागदाची घडी करून तो पर्समध्ये टाकला आणि रिक्षात बसल्यावर तिला रडू आलं. तिला मुळात राग आला होता, पण तो कोणावर काढायचा तेच कळेना. कंपनीनं दोन वेळा फसवलं होतं आणि तिसऱ्या वेळी तिच्याच हातात पुरावा ठेवला होता.

एक वाट मात्र अजून उघडी होती, ती भगवंतरावांची नोटीस. तिच्यात पहिल्या दोन बिघाडांचं सगळं होतं, आणि ते खरं होतं.

ती घरी पोचली तेव्हा भगवंतराव जेवणाच्या टेबलावर वाटच बघत होते. इस्त्री केलेला सदरा, नाकावर चष्मा. समोर नोटिशीचे चार कागद. अकरा वर्षांत तिनं त्यांना इतकं तरतरीत पाहिलं नव्हतं. हात-पाय धुवायचीही सवड न देता त्यांनी तिला खुर्चीत बसवलं आणि इंग्रजी मसुदा मराठी करून वाचायला घेतला. सुरेख लिहिला होता. ऐकता ऐकता सुनीताला वाटलं, जमेल, अजून जमेल.

"आणि हा माझा हलफनामा," त्यांनी शेवटचा कागद उचलला. "पाणी पाणी करताहेत ना सारखे? मग या घरातला सगळ्यात म्हातारा माणूस शपथेवर सांगतो. 'सदर यंत्र माझ्या नजरेसमोर वापरलं जातं. त्याला कधीही, कोणत्याही द्रव पदार्थाचा स्पर्श झालेला नाही, हे मी प्रतिज्ञेवर कथन करतो.' उद्या नोटरीकडे जाऊ. मी स्वतः येणार. रिक्षात चढायला तेवढा हात दे."

सुनीता त्यांच्याकडे बघत राहिली. ते खोटं बोलत नव्हते. त्यांनी शिंपडलं ते त्यांच्या लेखी पाणी नव्हतंच. पण कंपनीचा वकील तो फोटो पुढे ठेवेल. कुंकू, हळद, अक्षता. मग चाळीस वर्षांच्या कमाईचं काय होईल, आणि सुनेच्या नोकरीवर आपणच पाणी ओतलं हे कळल्यावर या माणसाचं काय होईल? त्या फोटोत काय होतं ते तिनं त्यांना आता सांगितलं असतं, तर ते क्षणात समजले असते. तेही तिच्यानं होईना. आणि हा कागद गेल्याशिवाय ते नोटीस पाठवणार नाहीत, हेही तिला ठाऊक होतं.

"सही करण्याआधी एकदा नीट आठवून सांग," भगवंतराव पेनाचं टोपण काढत म्हणाले. "एकही शब्द खोटा नको. कधी काही सांडलं नाही ना?"

"सांडलं होतं मामंजी," सुनीता म्हणाली. "चहा. माझ्या हातून."

पेन तसंच वर राहिलं. 

"कधी?"

"आठवत नाही. दसऱ्याच्या आसपास."

"आणि तू त्यांना नाही म्हणत राहिलीस? इतक्या वेळा?"

"हो."

भगवंतरावांनी टोपण लावलं. नोटीस, हलफनामा, सगळे कागद एकत्र करून त्यांनी काठ जुळवले आणि मधोमध फाडले. ते रागावले असते तर तिला सोसलं असतं. पण ते फक्त थकल्यासारखे दिसले.

"पण पहिल्या दोन वेळा खरंच त्यांचीच चूक होती," सुनीता म्हणाली. "ते तरी धरून—"

"आता काय धरायचं? तेव्हाही चहाच होता म्हणतील. मीही म्हणेन." "मी तुझ्या शब्दावर शपथ घेणार होतो, सुनीता."

बोलण्यासारखं एकच वाक्य होतं आणि तेच गिळून ती बसली होती.

मग भगवंतरावांनी कोरा कागद ओढला. दहा मिनिटं ते लिहीत होते. त्यांचं अक्षर नेहमीसारखंच टपोरं आलं. लिहून झाल्यावर त्यांनी कागद तिच्यासमोर ठेवला. कंपनीच्या व्यवस्थापकांना पत्र होतं. आपल्या कर्मचाऱ्यांनी विचारलेल्या प्रश्नांना आम्ही वारंवार असत्य उत्तरं दिली, आपल्यावर नाहक आरोप केले, त्याबद्दल क्षमस्व.

"दुसऱ्याला लबाड म्हणालो आपण. ते कबूल करायला हवं," ते म्हणाले. "सही कर."

सुनीतानं पत्र दोनदा वाचलं. एकविसाव्या दिवसाला अजून चार दिवस होते आणि त्या चार दिवसांचा आता काहीही उपयोग नव्हता. तिनं सही केली. खाली तारीखही घातली, कारण तारीख नसलेला कागद भगवंतरावांना चालत नसे.