लिव्हरपाशीचा माणूस

कागद कारखान्यात त्याला सगळे खुंटा म्हणत. एकदा उभा राहिला की जागचा हलायचा नाही, म्हणून. थट्टेचं नाव होतं खरं, पण कारखान्याला वर्षातून एक दिवस अशाच माणसाची गरज पडे.

कारखान्याची वीज वाफेवरच्या टर्बाइनमधून येई. मिनिटाला तीन हजार फेरे हा त्याचा रोजचा वेग. वर्षातून एकदा ते मुद्दाम त्याहून जोरात पळवून बघत. तेहतीसशेला पोचलं की वाफ आपोआप बंद झाली पाहिजे. नाहीच झाली, तर आणखी तीस फेरे वाढायच्या आत कुणीतरी हाताने वाफ तोडायचा लिव्हर ओढायचा. हा कुणीतरी म्हणजे खुंटा. बाकीचे, साहेबांसकट, जाड भिंतीमागच्या खोलीत. पगार जितका मोठा तितका माणूस भिंतीच्या जास्त आत, अशी तिथली बसायची पद्धत होती.

नव्या माणसांना खुंटा दोनच गोष्टी घोकून घेई. टर्बाइनच्या फिरत्या चाकाच्या रेषेत उभं राहायचं नाही, कारण चाक फुटलंच तर तुकडे कडेने सुटतात आणि छप्पर फाडून जातात. आणि सैल बाही, रुमाल, लोंबता बिल्ला, काही म्हणजे काही अंगावर नको. शिकवलेल्यांपैकी एकच नीट तयार झाला, तो त्याच्या बायकोचा भाऊ. तिनेच मागे लागून लागून त्याला इथे चिकटवायला लावलं होतं.

घरी मात्र खुंटा सांगे, की चाचणीच्या दिवशी आपण त्या खोलीत बसून आकडे लिहितो. एकोणीस वर्षं ही थाप बिनबोभाट खपली.

विसाव्या वर्षी वाफ बंद झालीच नाही. चिकट झालेल्या तेलाने वाफ बंद करणारी आतली खीळ अडकली होती, हे मागाहून कळलं. वेगाचा काटा तेहतीसशेवर गेला, तीस ओलांडून पुढे सरकला. पायाखालची लोखंडी जाळी थरथरायला लागली. खुंट्याला काटा स्वच्छ दिसत होता, पण हाताला निरोप उशिरा पोचला. त्याने लिव्हर ओढला तेव्हा तेहतीसशे नव्वद झाले होते. मग आवाज हळूहळू उतरत गेला.

खोलीतून सगळे बाहेर आले, त्याची पाठ थोपटली. साहेब म्हणाले, वहीत तेहतीसशे तीसच लिही, कोण बघतंय. खुंट्याने नव्वदच लिहिलं. साठ फेऱ्यांचा उशीर दुसऱ्या कुणी केला असता, तर त्याने त्याची सालटी काढली असती. वय छप्पन्न. त्याला भीती वाटली ती चाकाची नाही, स्वतःच्या हाताची. पुढच्या वेळी मी नाही, असं त्याने साहेबांना तिथल्या तिथे सांगून टाकलं. दुरुस्तीनंतर महिन्याभराने चाचणी परत होणार होती. मग कोण, हे कुणाला विचारायची गरज नव्हती.

मेव्हणा हसत हसत तयार झाला. त्याला दोन पोरं, त्यातलं धाकटं अजून रांगत होतं. बायकोच्या भावाला तिच्या नकळत तिथे उभं करणं काही खुंट्याच्याने होईना.

संध्याकाळी बायको चादरींच्या घड्या घालत होती. त्याने एका चादरीचं दुसरं टोक धरलं आणि सगळं सांगितलं. लिव्हर, भिंत, तुकडे कसे सुटतात, तिच्या भावाचा नंबर कसा लागला.

"त्या खोलीत कोण बसतं मग?" तिने विचारलं.

"साहेब आणि बाकीचे."

"आणि तुम्ही?"

"लिव्हरपाशी. पहिल्यापासून."

तिच्या हातातलं टोक सुटलं. चादर जमिनीला लागली.

"माझा भाऊ उभा राहणार म्हणून मला सांगताय," ती म्हणाली. "माझा नवरा वीस वर्षं तिथे उभा होता, ते नाही सांगावंसं वाटलं?"

उगाच काळजी नको म्हणून, असं काहीतरी तो पुटपुटला.

"काळजी माझी होती. ती तरी मला करू द्यायची होतीत."

त्याला लाज वाटली. तू भावाला अडवणार का, असं त्याने विचारलं.

"त्याचं तो ठरवेल," ती म्हणाली. "पण त्याच्या बायकोला आजच कळलं पाहिजे. आणि ते तुम्ही सांगायचं."

त्याने चादर उचलून पलंगावर ठेवली आणि चपला शोधायला लागला.